बहिणीचा चौथा हिस्सा आणि थोरल्याचा हिशेब : सोलापूरकडच्या एका शेतकरी घराचं प्रकरण

‘हक्क समान पाहिजे ना, मग जबाबदारीपण समान घे.’ जमिनीच्या वाटणीला बसलेल्या घरात भाऊ हे वाक्य बोलतो आणि बहुतेक वेळा बैठक तिथेच मोडते. बहिणीला तो टोमणा वाटतो, भावाला तो साधा न्याय वाटतो. आमच्या मते हे वाक्य टोमणा म्हणून सोडून देण्यासारखं नाही. त्यात भावाची एक रास्त तक्रार असते आणि तिला तीन-चार चुकीच्या समजुती चिकटलेल्या असतात. समजुती बाजूला काढल्या तर तक्रारीवर तोडगा निघतो, आणि तो बहिणीचा हिस्सा न कापता निघतो. हे कसं घडतं ते दाखवण्यासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण इथे सविस्तर मांडलं आहे. यातली माणसं आणि त्यांचे आकडे कुठल्याही एका घराचे नाहीत. या भागात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या घटनांवरून हे नमुना-प्रकरण बांधलं आहे. कायद्याच्या तारखा आणि कलमं मात्र जशीच्या तशी आहेत.

घर, जमीन आणि सातबारा

एकूण जमीन ६ एकर १० गुंठे, म्हणजे २५० गुंठे. त्यातली ४ एकर आजोबांनी हयातीत केलेल्या वाटपात वडिलांकडे आली, उरलेली ९० गुंठे वडिलांनी १९८८ साली खरेदी केली. वडील २०१८ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, थोरला मुलगा, मधली मुलगी आणि धाकटा मुलगा. थोरला बारावीनंतर शेतीतच राहिला. धाकटा इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला. मुलीचं लग्न २००३ साली झालं, ती सोलापुरात विजापूर रोडला राहते आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. नवऱ्याचं मागावरचं काम अलीकडे आठवड्यातून तीन-चार दिवसच असतं. धाकटा तिला अक्का म्हणतो, आणि थोरल्याला दोघंही अण्णा.

वडिलांच्या पश्चात थोरल्याने वारस नोंद करून घेतली. फेरफारात दोन्ही भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या जमीनधारकांच्या रकान्यात लागली, आई आणि बहिणीची ‘इतर हक्कात’ गेली. या भागातल्या जुन्या सातबाऱ्यांवर हा प्रकार सर्रास दिसतो, आणि भावांची पहिली गैरसमजूत इथूनच सुरू होते. नाव इतर हक्कात असलं की मालकी नाही, असं गावात धरून चालतात. कायद्यात तसं काही नाही. वारसाचा हक्क वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी जन्मतो, नाव कुठल्या रकान्यात पडलं यावर तो ठरत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे.

चार वर्षं कुणी काही बोललं नाही. अण्णाने दोन बोअर घेतले, त्यातलं एक कोरडं गेलं. दुसऱ्याच्या पाण्यावर दोन एकरात भगवा डाळिंबाची सहाशे झाडं उभी केली आणि ठिबक टाकलं. एका वर्षी तेल्या रोग येऊन सगळा बहार गेला, दोन वर्षं चांगली लागली. मग राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनात ३० गुंठे जिरायत गेली. मोबदला २४ लाख रुपये. नोटीस सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला निघाली, म्हणजे इतर हक्कातल्या बहिणीलाही.

कुठे बिघडलं

अण्णाने संमतीपत्र तयार करवून घेतलं. मजकूर असा : ‘मला मोबदल्यात व जमिनीत काही नको, सर्व रक्कम भावांना द्यावी.’ भाऊबीजेला बहीण माहेरी आली तेव्हा ओवाळणीच्या ताटाशेजारीच तो कागद ठेवला गेला. ती म्हणाली, ‘अण्णा, मी वाचल्याशिवाय सही करायची नाही.’ त्यावर अण्णाची बायको नव्हे, आईच बोलली : ‘सही कर गं, माहेर तुटेल.’ बहीण सही न करता निघून गेली आणि पंधरा दिवसांत तिने प्रांत कार्यालयात लेखी हरकत दिली. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ च्या कलम ३ एच (४) प्रमाणे मोबदल्याच्या वाटपावर वाद असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याला तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. प्रकरण जिल्हा न्यायालयात गेलं आणि २४ लाख तिथे अडकले. सोसायटीचं पीककर्ज वडिलांच्या नावावर थकलेलंच होतं, त्याचं व्याज चढत राहिलं.

त्या संमतीपत्रात आणखी एक दोष होता. बहिणीने सही केली असती तरी जमिनीपुरता तो कागद टिकला नसता. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीपुढे केलेला कागद त्या कामाचा नाही. वडिलोपार्जित मिळकतीचं भावंडांमधलं विनामोबदला हक्कसोडपत्र असेल तर मुद्रांक आता ५०० रुपयांचा लागतो, म्हणजे खर्च वाचवायला नोटरी गाठण्यात अर्थ नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वडील हयात असतानाच मुलींकडून लिहून घेणं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला तेव्हा हक्कच आलेला नसतो, फक्त आशा असते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ (अ) प्रमाणे अशी आशा सोडता किंवा विकता येत नाही. तिसरी चूक म्हणजे हक्कसोड एकाच भावाच्या नावे करून घेणं. मग तो हिस्सा त्या एकाच भावाकडे जातो, आणि दुसऱ्या भावाला हे कळलं की नवा वाद उभा राहतो.

अण्णाची पाच कारणं

मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीत अण्णाला पूर्ण बोलू दिलं. हे महत्त्वाचं आहे. अशा बैठकीत भावाला पहिल्या पाच मिनिटांत कायदा ऐकवला की तो गप्प होतो आणि पुढे प्रत्येक तारखेला गैरहजर राहतो. त्याने मांडलेली कारणं आणि त्यांची तपासणी पुढे दिली आहे.

पहिलं कारण : ‘तिचं लग्न २००५ च्या आधीचं आहे, तिला कायदा लागू नाही.’ हा समज महाराष्ट्रात पक्का बसण्यामागे खरं कारण आहे. आपल्या राज्याने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. लोकांच्या डोक्यात ती अट राहिली आणि पुढे तिला २००५ चं साल जोडलं गेलं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. वाचवली आहेत ती फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वीची रीतसर वाटपं आणि विक्री-व्यवहार. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात मिटवला : हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. ‘आमचं तोंडी वाटप आधीच झालं होतं’ हा बचावही त्याच निकालाने जवळपास बंद केला.

दुसरं : ‘तिच्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा.’ हे वाक्य वकिलाच्या नोटिशीच्या उत्तरातही लिहिलं जाणार होतं, ते वेळेत थांबवलं. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा घेणं जितका गुन्हा तितकाच देणंही. आपल्याच उत्तरात ‘आम्ही हुंडा दिला’ असं लिहिणं म्हणजे गुन्ह्याची लेखी कबुली. आणि कायद्याने लग्नाचा खर्च वारसा हिश्श्यातून वजा होत नाही. तरीही अण्णाच्या मनातला खर्च खोटा नव्हता, म्हणून एका कागदावर तीन रकाने आखले : वडिलांच्या शेतातून प्रत्येक लेकरावर काय गेलं? बहिणीच्या रकान्यात लग्न आलं. धाकट्याच्या रकान्यात चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी, पुण्यातली खोली आणि मेस आली. अण्णाच्या रकान्यात त्याचंही लग्न आलं आणि वडिलांनी घेऊन दिलेली मोटारसायकल आली. धाकट्याची बेरीज बहिणीच्या दुपटीच्या आसपास गेली. पण ‘तुझं शिक्षण झालं, आता तुझा हिस्सा संपला’ असं धाकट्याला घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. अण्णा त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला आणि मग लग्नाचा मुद्दा त्याने स्वतःहून सोडला. आमच्या पाहण्यात या तीन रकान्यांनी जेवढं काम होतं तेवढं कलमं वाचून दाखवल्याने होत नाही.

तिसरं : ‘तिला सासरीही मिळणार. बाईला दोन्हीकडून, पुरुषाला एकीकडूनच.’ कट्ट्यावर हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि हे सरळ चुकीचं आहे. नवरा हयात असेपर्यंत बायकोला सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या जमिनीत मालकीचा हिस्सा मागता येत नाही. तिला निवासाचा आणि पोटगीचा हक्क असतो, मालकीचा नव्हे. नवरा वारला तर ती विधवा म्हणून त्याची वर्ग एकची, म्हणजे पहिल्या फळीची वारस होते, आणि बायको वारली तर तिच्या मिळकतीत नवराही वारस होतो. म्हणजे तराजू दोन्हीकडे सारखाच आहे. इथे अण्णाच्या बायकोने एक गोष्ट सांगितली, आणि ती बैठकीत पहिल्यांदाच बोलत होती. तिच्या माहेरी मोहोळ तालुक्यात तिच्या भावांनीही अशीच सही घेतली होती, आणि त्यावरून अण्णानेच मेव्हण्यांशी बोलणं टाकलं होतं.

चौथं : ‘जमीन परक्याच्या घरात जाईल, उद्या ती कुणालाही विकेल.’ ही भीती आम्ही हलक्यात घेत नाही. बांधाला बांध लावून अनोळखी माणूस आला की पाण्याचा, वाटेचा, झाडांचा वाद सुरू होतो, हे शेती करणाऱ्याला माहीत असतं. पण या भीतीवर कायद्यात दोन उपाय आधीच आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसाने मिळालेल्या स्थावरातला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि शेतजमिनीलाही हे लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बाबूराम विरुद्ध संतोख सिंग प्रकरणात सांगितलं आहे. दुसरं, वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत ठेवून बाई मृत्युपत्र न करता, मूलबाळ नसताना वारली तर कलम १५ (२) प्रमाणे ती मिळकत नवऱ्याकडे जात नाही, वडिलांच्या वारसांकडे परत येते. सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस बघून प्रत्यक्ष तुकडे पाडून, वाटप झाल्यावर कलम २२ चा आधार धरता येईल की नाही यावर वाद घालता येतो, म्हणून अग्रहक्काची अट वाटपाच्या कागदात स्वतंत्रपणे लिहिलेली बरी. या घरात तसंच केलं.

पाचवं कारण हे अण्णाचं खरं दुखणं होतं : ‘आई-वडिलांना मी सांभाळलं. शिक्षण मी सोडलं. कर्ज माझ्या डोक्यावर. त्यांनी दिवाळीला यायचं आणि समान हिस्सा न्यायचा?’

दुखणं हिशेबात बसवणं

थोरल्या मुलाने घर धरायचं, त्याने गाव सोडायचं नाही, त्याच्या इच्छेला कुणी विचारायचं नाही, हीसुद्धा लिंगाधारित वाटणीच आहे. समानतेच्या बोलण्यात पुरुषाचं हे ओझं फार कमी वेळा मोजलं जातं, आणि मोजलं जात नाही म्हणून ते रागाच्या रूपात बाहेर येतं. पण त्याची भरपाई म्हणून बहिणीचा हिस्सा घेणं हे उत्तर नाही. ते ओझं बहिणीने एकटीने टाकलेलं नव्हतं. पुण्याच्या धाकट्यानेही ते तितकंच टाकलं होतं आणि तरी त्याचा हिस्सा कुणी मागत नव्हतं. म्हणून दुखण्याचे तुकडे केले : कर्ज किती, आजारपण किती, शेतीतली गुंतवणूक किती, आईचा रोजचा खर्च किती. प्रत्येक तुकड्याला पावती किंवा साक्ष मागितली.

आधी हिस्सा. आजोबांच्या चार एकरांवर, वडिलांच्या मृत्यूआधी वाटप झालं असतं असं धरून, वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच हिस्से मानायचे, प्रत्येकी एक पंचमांश. वडिलांचा एक पंचमांश पुन्हा चार वारसांत, म्हणजे प्रत्येकी एक विसांश. एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे एक चतुर्थांश. खरेदीच्या ९० गुंठ्यांत सरळ चार वारस, म्हणजे तिथेही एक चतुर्थांश. वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित यावर या घरात दोन वकिलांनी दोन महिने पत्रं लिहिली होती, आणि दोन्ही वाटांनी उत्तर एकच येत होतं. मृत्युपत्र असतं तर मात्र हा फरक निर्णायक ठरला असता : वडील स्वकष्टाची सगळी जमीन एकाला देऊ शकले असते, वडिलोपार्जितातला फक्त स्वतःचा हिस्सा.

सोसायटीचं कर्ज व्याजासह ३ लाख २० हजार. हे वडिलांचं, म्हणून चौघांचं. ते आधी मोबदल्यातून फेडायचं यावर कुणाचं दुमत झालं नाही.

वडील २०१६ ते २०१८ अर्धांगवायूने अंथरुणाला होते. दवाखान्याची बिलं १ लाख ८० हजारांची निघाली, सगळी अण्णाने जपून ठेवलेली. तो ही रक्कम स्वतःच्या नावे मागत होता. पैसे आणले कुठून, असं विचारल्यावर त्याने सांगितलं : बायकोच्या पाटल्या मोडल्या. त्या पाटल्या तिच्या माहेरच्या, म्हणजे स्त्रीधन. मग हे येणं अण्णाचं कसं? बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेवटी १ लाख ८० हजारांचा चेक थेट तिच्या खात्यावर द्यायचं ठरलं. २४ लाखांतून ३ लाख २० हजार आणि १ लाख ८० हजार वजा जाता १९ लाख उरले, प्रत्येकी ४ लाख ७५ हजार.

शेतीतली गुंतवणूक सगळ्यात अवघड गेली. अण्णाच्या वहीत बोअर, मोटार, ठिबक, रोपं मिळून ४ लाख ६० हजार मांडले होते, पावत्या मात्र २ लाख ७० हजारांच्याच. उलट बाजूने धाकट्याने आडतीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या मागितल्या. त्यांची बेरीज ७ लाख ४० हजार झाली, त्यातून फवारणी, खत, छाटणी, मजुरी वजा करायची होती आणि तिचा कागद नव्हता. एकत्र जमीन एकटा कसणारा भाऊ इथे हमखास फसतो : खर्चाची वही तो ठेवतो, उत्पन्नाची ठेवत नाही, आणि खर्च मागायला गेला की उत्पन्नाचा जाब त्याच्यावर उलटतो. म्हणून मागच्या वर्षांचा हिशेब दोन्हीकडून सोडायचा आणि त्याबदल्यात वाटपात बाग अण्णाच्या वाट्याला द्यायची असं ठरलं. ज्याने सुधारणा केली त्याला सुधारलेला तुकडा द्यावा हे तत्त्व वाटपाच्या दाव्यांत न्यायालयंही वापरतात. बहिणीने हे लगेच मानलं. धाकट्याला पटायला दोन बैठका लागल्या.

उरलेली जमीन २२० गुंठे, प्रत्येकी ५५. बागेच्या ८० गुंठ्यांतले ५५ अण्णाला, २५ आईला. जिरायतीच्या १४० मध्ये आईला आणखी ३०, बहिणीला ५५, धाकट्याला ५५. तुकडेबंदीच्या कायद्याने २०२३ पासून इथे जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठे आणि बागायतीचा १० गुंठे आहे, त्यामुळे कुठलाही तुकडा अडला नाही. चारही हिश्श्यांना गाडीवाट मिळेल असा नकाशा आधी कच्चा काढला. वाट न ठरवता हिस्से पाडणं ही गावातली फार महागात पडणारी चूक आहे.

आई कोण सांभाळतं

आईला रक्तदाब आणि साखर, गुडघे गेलेले. औषधं, दूध, तपासण्या, जेवणखाण मिळून महिन्याला सुमारे ९ हजार. ‘मी सांभाळतो’ हे अण्णाचं म्हणणं खर्चापुरतं खरं होतं. पण सकाळचं गरम पाणी, संडासला धरून नेणं, गोळ्यांच्या वेळा, रात्री पाय चोळणं, हे त्याच्या बायकोच्या अंगावर होतं. भाऊ बहिणीसमोर जबाबदारीचा मुद्दा मांडतो तेव्हा त्या जबाबदारीतलं रोजचं काम दुसरीच एक बाई करत असते, हे जवळपास प्रत्येक घरात निघतं. पुरुषाच्या बाजूने ही चर्चा करणाऱ्यांनी हे आधी स्वतः मांडावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याने त्यांचा मुद्दा कमकुवत होत नाही. उलट ‘समान जबाबदारी’ हे शब्द तेव्हाच खरे होतात.

आणि कायदा इथे अण्णाच्या बाजूने होता. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० म्हाताऱ्या आई-वडिलांचा भार मुलावर आणि मुलीवर सारखाच टाकतं. लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच विजया अर्बट प्रकरणात १९८७ साली सांगितलं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मूल म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात महिना १० हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. सुनेवर मात्र या कायद्याने अशी जबाबदारी टाकलेली नाही.

ठरलं ते असं : बहीण आणि धाकटा प्रत्येकी ३ हजार दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात भरतील, अण्णाचे ३ हजार घरखर्चात धरले जातील. उन्हाळ्याचे दोन महिने आई बहिणीकडे सोलापुरात राहील, कारण दवाखानाही तिथून जवळ. धाकट्याने वर्षातून पंधरा दिवस रजा काढून गावी येऊन राहायचं आणि त्या दिवसांत आईचं सगळं त्याने स्वतः करायचं. हे शेवटचं बहिणीने सुचवलं आणि कागदात घालून घेतलं. धाकट्याची बायकोही नोकरीला आहे, त्यामुळे ‘मी येतो’ याचा अर्थ ‘ती येते’ असा होणार नाही, हे तिथेच बोलून घेतलं गेलं.

कागद कसे झाले

मोबदल्याचा वाद राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने मिटला. तिथे फी लागत नाही, निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येकाने आकडे स्वतः वाचणं आवश्यक आहे. अण्णाची एक तक्रार इथेही होती : बहिणीला सरकारी वकील फुकट, मला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही, हे बरोबर. पण महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पुरुषालाही तीच सेवा मिळते आणि अण्णा त्यात बसत होता. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाचा दाखला घेऊन अर्ज करायचा, एवढंच काम होतं.

जमिनीसाठी क्रम वेगळा. आधी आई आणि बहिणीचं नाव इतर हक्कातून कब्जेदार सदरी आणणारा फेरफार. त्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, चौघांच्या सहीचा अर्ज. नोटीस निघाल्यावर हरकतीचे पंधरा दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीचं वाटप, भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, खुणा, आणि शेवटी चार वेगळे सातबारे. मोजणीला चौघं हजर राहिले नाहीत तर पुढे हद्दीवरून भांडण होतं, म्हणून तारीख धाकट्याच्या रजेशी जुळवून घेतली.

वाटपाच्या करारात तीन जादा कलमं घातली. जो विकेल त्याने आधी भावंडांना लेखी कळवायचं आणि त्या वेळच्या बाजारभावाने घ्यायला ६० दिवस द्यायचे. बहिणीची ५५ गुंठे अण्णा निम्म्या वाट्याने करेल, पण दर गुढीपाडव्याला नवा लेखी करार करून. पुढे कूळ लागल्याचा संशय कुणालाच नको. बोअरचं पाणी आईच्या २५ गुंठ्यांना पहिलं, मग अण्णाला, उरलं तर जिरायतीला.

बहिणीने हक्कसोड दिलं नाही, आणि माहेर तुटलंही नाही. अण्णाशी बोलणं पूर्वीसारखं झालं असं मात्र म्हणता येत नाही. धाकट्याला अजून वाटतं की बाग देऊन आपण जास्त सोडलं.

आईच्या ५५ गुंठ्यांचं काय करायचं यावर शेवटच्या दिवशीही ताण होता. अण्णाला वाटत होतं की आईने ती आत्ताच त्याच्या नावे बक्षीसपत्र करून द्यावी. आईला तसा हक्क आहे, पण बक्षीस दिलं की जमीन गेली. द्यायचंच तर दस्तात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहावी, म्हणजे सांभाळ झाला नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून घेता येतो. मृत्युपत्र केलं तर ती हयातीत कधीही बदलू शकते, त्याला दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक आहे. काहीच केलं नाही तर तिच्या पश्चात तो हिस्सा दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जाईल. आई म्हणाली, मी बघते काय ते. तिने काय ठरवलं हे तिने सांगेपर्यंत कुणी विचारायचं नाही, हे करारातलं शेवटचं कलम आहे आणि त्याखाली तिघांच्याही सह्या आहेत.